फर्ग्युसन असताना दिल्ली कशाला?

प्रश्न थोडक्यात असा. मुलगी अठरा वर्षांची, सिंहगड रोडला राहणारी. बारावी कॉमर्स, गणित घेऊन. सीयूईटीला, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेला, गुण चांगले पडलेत आणि दिल्ली विद्यापीठात बी.ए. अर्थशास्त्र ऑनर्सला जागा मिळेल अशी चिन्हं आहेत. बाबा मूळचे बार्शीचे. बीकॉमसाठी पुण्यात आले ते इथलेच झाले, आता एका सहकारी बँकेत अधिकारी आहेत. आई शाळेत शिकवते. बाबांचं म्हणणं, "अख्खा महाराष्ट्र शिकायला पुण्यात येतो आणि तू पुणं सोडून निघालीस? फर्ग्युसनला काय धाड भरलीय?" आई वाद घालत नाही, तिने बोलणंच कमी केलंय. चुलतभाऊ मणिपालला गेला तेव्हा याच घरात पेढे वाटले गेले होते. मुलगी विचारते: यांना कसं पटवू? आणि नाहीच पटलं तर साठवलेल्या पैशांतून गुपचूप फी भरून टाकू का, मग सांगू?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याला तारखेचं बंधन आहे.

गुपचूप भरू नकोस. नीतीचा भाग बाजूला ठेवला तरी ते निभत नाही. रॅगिंगविरोधी हमीपत्र यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २००९ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थ्याबरोबर पालकांनाही द्यावं लागतं. वसतिगृहाच्या अर्जावर आईवडिलांची सही आणि स्थानिक पालकाचं नाव मागतात. साठवलेले पैसे फीत गेले की पीजीचं, म्हणजे पेइंग गेस्ट म्हणून राहायच्या जागेचं, डिपॉझिट कुठून आणणार? आणि एकदा उघडकीला आलं की दिल्ली की पुणं हा मुद्दाच राहत नाही. पुढची तीन वर्षं 'तू आमच्याशी खोटं बोललीस' यावरच घर भांडत बसतं. हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय. बारावीनंतरची मुलं आणि त्यांचे पालक यांच्याशी बोलणं हेच माझं रोजचं काम, जून-जुलैत तर दुसरं काही सुचत नाही.

त्यापेक्षा दोन्ही दारं उघडी ठेव. फर्ग्युसनला किंवा जिथे मिळेल तिथे रीतसर प्रवेश घे आणि बाबांना सांगूनच घे: "मी इथे नाव घालतेय, पण दिल्लीचा विचार सोडलेला नाही." यूजीसी दर वर्षी फी परताव्याच्या तारखा जाहीर करते. त्या तारखेच्या आत प्रवेश रद्द केला तर फी परत मिळते, आणि मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायचा अधिकार कुठल्याच कॉलेजला नाही. दिल्लीच्या बाजूला मात्र घाई असते. जागा वाटपाच्या फेऱ्या लागोपाठ होतात आणि मिळालेली जागा ठरल्या मुदतीत स्वीकारली नाही तर ती हातची जाते. म्हणजे घरातलं बोलणं यादी लागायच्या आधी व्हायला हवं. यादी लागल्यावर हातात दोन-तीन दिवस असतात, आणि तेवढ्यात घरात फक्त रडारड होते.

आता मुख्य गोष्ट.

बाबांचा 'पुण्यात सगळं आहे' हा मुद्दा हलक्यात घेऊ नकोस. लातूर-नांदेडच्या बापाला तो मांडताच येत नाही. तिथे मूल बाहेर पडणार हे दहावीलाच ठरलेलं असतं आणि ट्रंक आधीच घेऊन ठेवलेली असते. पुणेकराला मात्र हा मुद्दा आयता मिळतो, आणि तो बराचसा खराही आहे. त्यातून तुझा विषय अर्थशास्त्र! गोखले इन्स्टिट्यूट १९३० पासून इथे डेक्कनवर आहे. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. दांडेकर आणि रथ या अर्थतज्ज्ञांनी देशातल्या दारिद्र्याचा अभ्यास १९७१ साली मांडला तो याच संस्थेतून, आणि आज तिथे बी.एस्सी. अर्थशास्त्र शिकता येतं. फर्ग्युसन १८८५ चं. एवढं सगळं घरापासून बसच्या अंतरावर असताना 'दिल्लीला स्कोप जास्त आहे' हे वाक्य बाबांसमोर दोन मिनिटंही टिकणार नाही, आणि टिकूही नये.

मग दिल्लीच का? याचं उत्तर आधी स्वतःला दे. चांगली उत्तरं आहेत. तिथे पदवी आणि एम.ए. एकाच विद्यापीठाच्या वातावरणात, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स हाकेच्या अंतरावर. नीती आयोग, एनसीएईआर, नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक फायनान्स अँड पॉलिसी या आर्थिक धोरणांवर काम करणाऱ्या संस्था त्याच शहरात. सुट्टीत इंटर्नशिप करायची तर गाठोडं बांधून जावं लागत नाही. वर्गात मणिपूरपासून केरळपर्यंतची मुलं. फीसुद्धा पुण्यातल्या खासगी विद्यापीठांच्या मानाने पुष्कळ कमी. पण दिल्ली विद्यापीठ हे नाव एक असलं तरी खाली नव्वदच्या आसपास कॉलेजं आहेत आणि सगळी एका तोलाची नाहीत. माझं स्पष्ट मत सांगते. नॉर्थ कॅम्पसमधलं किंवा अर्थशास्त्रासाठी नावाजलेलं कॉलेज मिळत असेल तर या भांडणात जीव ओतण्यात अर्थ आहे. शहराच्या टोकाचं, जायला-यायला तीन तास लागणारं कॉलेज मिळालं तर फर्ग्युसन बरं, आणि तसं मी तुझ्या बाबांच्या बाजूला बसून सांगेन.

आणखी एक उत्तर तुझ्या मनात असणार, जे तू लिहिलेलं नाहीस. तुला घराबाहेर राहून पाहायचंय. रात्री दिवा किती वाजता बंद करायचा, कुणाबरोबर जेवायचं, रविवारी किती वाजेपर्यंत झोपायचं, हे कुणाला न विचारता ठरवायचंय. अठराव्या वर्षी हे वाटण्यात गैर काही नाही. गडबड अशी होते की मुलं हे लपवतात आणि अभ्यासक्रमाच्या आडून बोलत राहतात. आईवडिलांना ते न सांगता कळतं. 'आमच्यापासून लांब जायचंय हिला' एवढंच त्यातून त्यांना ऐकू येतं, आणि तेही मग स्वतःची खरी भीती न सांगता अंतराच्या आडून बोलायला लागतात. दोन्ही बाजूंनी ढालीवर ढाल आपटत राहते. दीड हजार किलोमीटर, प्लेसमेंट, रँकिंग, दिल्लीची थंडी, सगळ्यावर बोलून होतं आणि मुद्द्याला हातच लागत नाही. तेव्हा तू आधी ढाल खाली ठेव. "मला एकटीने राहून बघायचंय, हेही एक कारण आहे" असं सांग. बाबा चिडतील. चिडू देत. दुसऱ्या दिवशीचं बोलणं वेगळं होतं, हा माझा अनुभव आहे.

बाबांशी बोलायला तुझ्याकडे एक जागा आहे आणि ती तू वाया घालवायच्या बेतात आहेस. बार्शी. 'तुम्हीसुद्धा घर सोडून आलातच ना' हे वाक्य टोमणा म्हणून टाकलंस की संपलं. त्यावर 'आमची गोष्ट वेगळी होती, आमच्याकडे कॉलेजला पर्याय नव्हता' हे उत्तर तयार आहे. तेच एखाद्या संध्याकाळी, दिल्लीचा विषय न काढता, नुसतं विचारून बघ. पहिल्यांदा पुण्यात आलात तेव्हा सोबत कोण होतं? कुठे उतरलात? आजोबा हो कसे म्हणाले? त्या पिढीची मुलं सदाशिव पेठेत, नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहिली. एका खोलीत चार खाटा, खाली वळकटी, भिंतीवर खिळ्याला शर्ट, दोन वेळ खानावळ आणि रविवारी संध्याकाळी खानावळ बंद. घरी फोन करायचा तर एसटीडी बूथवर रात्री दर उतरायची वाट बघायची. मनीऑर्डर यायला उशीर झाला की खानावळवाल्याला तोंड चुकवायचं. तुझ्या बाबांना यातलं काय काय भोगावं लागलं मला माहीत नाही, पण बहुतेक वडिलांच्या मनात मुलीच्या दिल्लीचं चित्र याच खोलीचं असतं. आपण जे सोसलं ते लेकीच्या वाट्याला नको, त्यासाठी तर सिंहगड रोडला फ्लॅट घेतला! हे त्यांच्या तोंडून बाहेर आलं की मग तुला सांगता येईल की आज पीजीत काय असतं, व्हिडिओ कॉल आहे, पैसे क्षणात पोचतात. त्याआधी सांगितलंस तर ते कानाआड जाईल.

आईचं प्रकरण निराळं आहे. गप्प झालेल्या आईला मुलं 'नकार' समजतात. बहुतेक वेळा तिचा एखादाच नेमका प्रश्न असतो, आणि तो फार बारीक वाटतो म्हणून ती बाबांसमोर काढत नाही.

बिबवेवाडीची एक मायलेक माझ्याकडे आल्या होत्या. मुलीला हैदराबादला प्रवेश मिळाला होता आणि तिने लॅपटॉपवर स्लाइड करून आणल्या होत्या. विद्यापीठाचं मानांकन, माजी विद्यार्थी कुठे कुठे लागले, वाचनालय, सगळं रंगीत. आई मान हलवत होती, पण बघत खिडकीबाहेर होती. मी विचारलं, तुम्हाला काय विचारायचंय? तिने पर्समधून इनहेलरचा खोका काढून टेबलावर ठेवला. मुलीला लहानपणापासून दमा. "रात्री दोन वाजता हिला धाप लागली तर पहिल्यांदा कोण उठणार?" त्या सगळ्या स्लाइडमध्ये याचं उत्तर नव्हतं. आम्ही तिथूनच वसतिगृहाच्या कार्यालयाला फोन लावला, स्पीकरवर टाकला. वॉर्डनबाईंनी शांतपणे सांगितलं, आवारात दवाखाना आहे, रात्री गाडी असते, शेजारच्या खोलीतली मुलगी आधी मला उठवते, मग मी घरी कळवते. आणि उलट विचारलं, औषधाचं नाव काय, लिहून ठेवते. आईने तो नंबर त्याच खोक्याच्या मागे लिहून घेतला. लॅपटॉप मग कुणी उघडलाच नाही. मुलगी गेली हैदराबादला.

तुझ्या आईचा प्रश्न काय आहे ते मला इथून कळणार नाही. तब्येतीचा असेल. पाळीच्या दिवसांत तुझं अंग किती दुखतं हे एकट्या तिलाच माहीत असेल. किंवा गौरी-गणपतीचं असेल. दिल्लीला गणपतीची सुट्टी नसते, आणि गौरीच्या जेवणाला घरची लेक नाही ही गोष्ट पुण्यातल्या आईला प्लेसमेंटच्या आकड्यांपेक्षा जास्त टोचते. स्वयंपाकघरात तिच्या शेजारी उभी राहून विचार, समोरासमोर बसवून नको. आणि एक खरं सांगून टाक, नोव्हेंबरमध्ये दिल्लीची हवा खरोखर वाईट असते. तुला श्वासाचा काही त्रास असेल तर आईचा आक्षेप डॉक्टरांसमोर ठेवण्याइतका गंभीर आहे, त्याला भित्रेपणा म्हणू नकोस.

सुरक्षिततेबद्दल बोलताना मुली हमखास म्हणतात, 'पुण्यातसुद्धा काय कमी घडतं का?' खरं आहे आणि निरुपयोगी आहे. त्याने आईची भीती दुप्पट होते, कमी होत नाही. त्याऐवजी कोरडी माहिती दे. राहणार कुठे, कॉलेजपासून किती अंतरावर, मेट्रोचं कुठलं स्टेशन (नॉर्थ कॅम्पसला विश्वविद्यालय, यलो लाइनवर), गेट किती वाजता बंद, रात्री उशीर झाला तर कोण घ्यायला येणार, दिल्लीत ओळखीचं एक तरी मराठी घर कुठलं. कॉलेजात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असतेच, तिच्या अध्यक्षांचं नाव संकेतस्थळावर सापडतं का ते बघून ठेव. रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास. हा नंबर आईच्या फोनमध्ये तूच घालून दे.

आता ज्याबद्दल घरात कुणी उघड बोलत नाही ते. पंजाबी जावई. हसू नकोस. मुलगी लांब शिकायला जाणार म्हटलं की बऱ्याच मराठी घरांत, शिकलेल्यासुद्धा, हा विचार आधी येतो आणि सगळ्यात शेवटी बोलला जातो. आजी बोलते, कारण ती बोलू शकते. आईवडील 'वातावरण' म्हणतात. यावर माझा सल्ला ठाम आहे: परवानगी मिळवण्यासाठी प्रेमाबद्दल, लग्नाबद्दल कुठलंही वचन देऊ नकोस. 'पदवी झाली की तुम्ही म्हणाल तिथे लग्न करेन' असं कबूल करून गेलेली मुलगी तीन वर्षं ते ओझं वागवते आणि शेवटी एक तर ते मोडते नाही तर स्वतः मोडते. एवढंच म्हण की जे असेल ते तुमच्यापासून लपवणार नाही. आणि तुझ्या हट्टामागे आधीच कुणी दिल्लीला जाणारा मित्र असेल तर ते आजच सांग. तसं असेल तर मी लिहिलेल्या निम्म्या गोष्टी लागू होत नाहीत. कॉलेज माणसाच्या मागे निवडायचं नसतं, मग तो माणूस कितीही चांगला असो.

चुलतभावाच्या पेढ्यांबद्दल. तो मुद्दा तुझा शंभर टक्के खरा आहे आणि एकदा तरी बोलायलाच हवा. पण एकदाच, आवाज न चढवता: "दादाला पाठवताना हे प्रश्न कुणी विचारले नव्हते, मला विचारताय, हे मला लागतं." नंतर त्यावर ठाण मांडू नकोस. रोज तेच ऐकलं की आईवडील स्वतःचा बचाव करायला लागतात आणि बचाव करणारा माणूस ऐकत नसतो.

शिवाय विरोध करणारा माणूस बुरसटलेलाच असतो असंही नाही. इरावती कर्वे १९२८ साली डॉक्टरेटसाठी बर्लिनला निघाल्या तेव्हा तो बेत त्यांच्या सासऱ्यांना पसंत नव्हता. सासरे कोण, तर महर्षी धोंडो केशव कर्वे, ज्यांचं सगळं आयुष्य बायकांच्या शिक्षणात गेलं! दुसऱ्यांच्या लेकी-सुनांसाठी जगाशी भांडलेला माणूसही स्वतःच्या घरातली सून निघाली की थबकतो. पती दिनकर कर्वे पाठीशी राहिले, इरावतीबाई गेल्या आणि १९३० साली डॉक्टरेट मिळवून आल्या. मी मुलींना ही गोष्ट सांगते ती दिनकररावांसाठी. घरात एक माणूस बाजूने उभा असला की पुरतो. तुझ्या घरात तो कोण आहे? बाबांची बहीण असेल, बँकेतले त्यांचे जुने साहेब असतील, तुझ्या शाळेतल्या गणिताच्या बाई असतील. बाबा ज्याचं ऐकतात तो माणूस शोध, तुला आवडतो तो नव्हे. आणि त्याला तुझी बाजू मांडायला पाठवू नकोस. फक्त घरी चहाला बोलाव आणि विषय निघू दे.

पैशांचं राहिलं, आणि माझ्या मते तुमच्या घरात हाच विषय अर्धा असावा. बँकेत काम करणारा माणूस आकड्यांबद्दल अवाक्षर काढत नाही, हे मला खटकलं. बरेच वडील 'पैसे नाहीत' म्हणण्यापेक्षा 'दिल्ली सुरक्षित नाही' म्हणणं पसंत करतात. मुलीसमोर ते सोपं जातं. तेव्हा हिशेब तूच मांड, एका कागदावर, पेनने. दिल्लीत वसतिगृह सगळ्या कॉलेजांना नाही, जिथे आहे तिथे जागा मोजक्या, म्हणून हिशेब पीजीचाच धर. जेवणासकट महिन्याला पंधरा हजार, अकरा महिन्यांचे १,६५,००० रुपये. वरखर्च, मेट्रो, फोन मिळून चार हजार, म्हणजे ४४,०००. घरी यायची-जायची भाडी २०,००० आणि फी अंदाजे २५,००० धरली तर वर्षाला अडीच लाखांच्या थोडं वर, तीन वर्षांचे साडेसात लाखांच्या पुढे. यातला प्रत्येक आकडा तू स्वतः फोन करून पक्का कर. नॉर्थ कॅम्पसजवळच्या कमलानगरमधल्या दोन-तीन पीजींना विचार, डिपॉझिट किती, वीजबिल वेगळं का, एसी नको म्हटलं तर भाडं किती उतरतं. फर्ग्युसनचा खर्च शेजारच्या रकान्यात लिही. फरक डोळ्यांसमोर आला की बोलणं आपोआप जमिनीवर येतं. आणि कदाचित तुझंही. वडिलांना निवृत्तीला किती वर्षं उरलीत आणि मागे धाकटा भाऊ आहे का, हे त्या कागदाच्या खाली लिहायला विसरू नकोस.

शैक्षणिक कर्जाचा मार्ग आहे. साडेसात लाखांपर्यंत सरकारी बँका सहसा तारण मागत नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांच्या विद्यार्थ्यांना तारणाशिवाय, जामिनाशिवाय कर्ज मिळतं, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्क्यांची सवलत. तुझं कॉलेज त्या यादीत आहे का ते आधी तपास. बाबांना यातलं तुझ्यापेक्षा जास्त कळतं, म्हणून त्यांनाच विचार, "हे कर्ज आपण घ्यावं का?" स्वतःच्या धंद्यातला प्रश्न विचारला की माणूस वकिली सोडून सल्ला द्यायला लागतो. इथे इतर वाचणाऱ्या मुलींसाठी एक सूचना. अभियांत्रिकी किंवा तत्सम व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणार असाल आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर महाराष्ट्र सरकारची २०२४-२५ पासूनची मुलींसाठीची शुल्कमाफी राज्यातल्या संस्थांपुरती आहे. बाहेर गेलात की ती गेली. आईवडील हा आकडा पुढे करत असतील तर तो ऐकण्यासारखा आहे.

यानंतरचं काम सगळ्यात परिणामकारक आहे आणि बहुतेक घरं ते करत नाहीत: प्रवेश पक्का व्हायच्या आधी आईबाबांपैकी एकाला तिथे घेऊन जा. झेलम एक्स्प्रेसने दिवसभराहून जास्त लागतो, विमानाने दोन-सव्वादोन तास. दोन दिवस पुरतात. कॉलेजच्या गेटवर उभं राहून तिथल्या मुली येता-जाता बघणं, पीजीच्या मालकिणीच्या हातचं एकदा जेवणं, खोलीची कडी आतून लागते का बघणं, यातलं काहीच फोनवर होत नाही. जमलं तर आईला ने. बाबा कॉलेज बघतात, आई न्हाणीघर बघते, आणि राहायचं न्हाणीघरात-खोलीत असतं. तिथे शिकणारी एखादी मराठी मुलगी गाठून तिची आणि आईची एकटीची भेट करून दे, तू बाजूला हो.

बाबा हे वाचतील म्हणून त्यांच्यासाठीही चार ओळी. काका म्हणत नाही, आपण एकाच वयाचे असू. तुमची मुलगी फर्ग्युसनला गेली तर तिचं वाटोळं होणार नाही. दिल्लीला गेली तरी होणार नाही. पण मनाविरुद्ध इथे ठेवलेली मुलगी पहिल्या सहामाहीत कमी गुण पडले की ते तुमच्या खात्यावर मांडते, आणि तिथे तिच्या हट्टाने गेलेली मुलगी पडली-झडली तर स्वतःच्या खात्यावर मांडते. दुसरा हिशेब निदान तिच्या हातात असतो. आणि कृपा करून 'जा, पण नंतर रडत येऊ नकोस' असं म्हणू नका. पहिल्या दीड-दोन महिन्यांत जवळजवळ सगळ्या मुली रडतात. ज्यांना घरून हे वाक्य मिळालेलं असतं त्या तेव्हा घरी फोन करत नाहीत, आणि मला खरी काळजी वाटते ती त्यांची. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक त्यांच्यासाठी आहे, पण आईचा फोन आधी लागायला हवा.

आता धरून चालू की हे सगळं करूनही उत्तर 'नाही' असंच आलं. कायद्याने तू सज्ञान आहेस आणि कुणी तुला अडवू शकत नाही. पण हाती पैसा नसताना, घराशी तोडून, परक्या शहरात पदवीचं पहिलं वर्ष काढणं हे मी कुणाला सुचवणार नाही. अपवाद एकच. घरात मारहाण असेल, कोंडून ठेवणं असेल किंवा जबरदस्तीने लग्न उरकायची घाई असेल तर तो प्रश्न कॉलेजचा राहत नाही. मग माझ्या लांबलचक उत्तराची वाट न बघता १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन कर. तुझ्या लिहिण्यावरून तरी तसं काही दिसत नाही. भ्यालेले, जीव लावणारे, थोडे हट्टी आईबाप दिसतात.

अशा घरात 'नाही' आलं तर मी सौदा करायला सांगते. फर्ग्युसन किंवा गोखले, पण दोन अटींवर. एक, तिसऱ्या वर्षानंतर दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स किंवा जिथे मिळेल तिथे एम.ए. साठी जाणार, आणि तेव्हा हीच चर्चा पहिल्यापासून होणार नाही. दोन, इथे असतानासुद्धा उन्हाळ्याची एक सुट्टी बाहेरगावी इंटर्नशिपला, एकटीने राहून. हे तोंडी ठेवू नकोस, आत्याच्या नाहीतर त्या साहेबांच्या देखत ठरव. सीयूईटी-पीजीचे, म्हणजे एम.ए.च्या प्रवेश परीक्षेचे, अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत निघतात, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीतच बाबांना आठवण करून द्यायची.

आणि उत्तर 'हो' आलं तर उद्याच राज्य मंडळाचं मायग्रेशन सर्टिफिकेट काढायला टाक. ते दिल्लीत मागतात आणि ऐन वेळी त्यानेच धावपळ होते. दिवाळीच्या परतीचं तिकीटही बघून ठेव. रेल्वेचं आरक्षण आता साठच दिवस आधी सुटतं आणि दिवाळीच्या गाड्या पहिल्या काही मिनिटांत भरतात. ते तिकीट आईला काढू दे, आयआरसीटीसीचा पासवर्ड तिला देऊन ठेव.